ज्यूद्वेष : उजवीकडचा, डावीकडचा आणि आपल्या घरातला

गोंदिया जिल्ह्यात ज्यू माणूस प्रत्यक्ष पाहिलेला वाचक विरळाच. तरीही ‘ज्यू’ हा शब्द आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत वारंवार येतो. जगातल्या बँका त्यांच्या हातात आहेत, वर्तमानपत्रे त्यांचीच आहेत, असे संदेश फिरतात. आपल्या समाजाच्या गटांत तर ‘ब्राह्मण हे मूळचे ज्यू’ असा शोधही फिरतो. म्हणून ही नोंद.

ज्यूद्वेष म्हणजे एखाद्याला तो ज्यू (यहुदी) आहे एवढ्यावरूनच लबाड, परका किंवा जग चालवणाऱ्या गुप्त टोळीतला मानणे. युरोपात हा द्वेष शतकानुशतके मुरला होता. नाझी राजवटीने सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली ती याच मातीत.

महाराष्ट्रातले ज्यू म्हणजे प्रामुख्याने बेने इस्रायल. रायगडच्या किनाऱ्यावरची ही मराठी बोलणारी माणसे. नवगावजवळ जहाज फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. केहिमकर, रोहेकर, दिवेकर, पेणकर ही त्यांची आडनावे. शेजाऱ्यांकडून त्यांचा युरोपसारखा छळ कधी झाला नाही. (जात मात्र त्यांनाही चिकटली; त्यांच्यातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता.) १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. उरलेल्यांना २०१६ मध्ये राज्य सरकारने अल्पसंख्याक दर्जा दिला.

मग द्वेष आला कुठून?

उजवीकडे तो हिटलरच्या कौतुकातून आला. गोळवलकर गुरुजींच्या १९३९ च्या ‘वुई ऑर अवर नेशनहूड डिफाइन्ड’ या पुस्तकात जर्मनीने ज्यूंना हुसकावल्याचा दाखला हिंदुस्थानने शिकण्याजोगा धडा म्हणून दिला आहे. पुढे संघाने या पुस्तकापासून हात झटकले. सावरकरांनीही १९३८ च्या भाषणांत जर्मनीच्या ज्यूविषयक धोरणाची बाजू घेतली, आणि त्याच सावरकरांनी १९४७ मध्ये ज्यू राष्ट्राच्या स्थापनेचे स्वागत केले. आजही हिटलरची वाहवा आणि इस्रायलचा जयजयकार एकाच तोंडून ऐकू येतो. दोन्ही वेळा खरे लक्ष्य ज्यू नसतातच, मुसलमान असतात. २००६ मध्ये नवी मुंबईत ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचे हॉटेल निघाले. मुंबईच्या ज्यू समाजाने निषेध केल्यावर नाव बदलले.

धर्माच्या नावाने हत्यार उचलणाऱ्यांनी हा द्वेष थेट कृतीत आणला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात लष्कर-ए-तैयबाच्या अतिरेक्यांनी कुलाब्यातले नरिमन हाऊस शोधून काढले, ते ज्यूंचे केंद्र होते म्हणून. तिथे रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का यांच्यासह सहा जण मारले गेले.

डाव्या आणि पुरोगामी वर्तुळात तो पॅलेस्टाईनच्या पाठिंब्याआडून शिरतो. इस्रायल सरकारच्या गाझातील कारवाईचा निषेध म्हणजे ज्यूद्वेष नव्हे, हे आम्ही स्पष्ट म्हणतो. पण ‘थोडे ज्यू मी मुद्दाम जिवंत ठेवले, म्हणजे त्यांना का मारले ते जगाला कळेल’ हे हिटलरच्या नावावर खपवलेले बनावट वाक्य त्याच निषेधाखाली चिकटवले जाते. ते पुढे पाठवणारा गाझातल्या कोणत्याही लेकराच्या बाजूने बोलत नसतो.

आता आपल्या घरातले. ‘चित्पावन हे ज्यू, म्हणून कपटी’ ही मांडणी काही शिबिरांतून आणि पुस्तिकांतून आपल्या तरुणांपर्यंत येते. तिला आधार काय? एक म्हणजे दंतकथांतले साम्य : बेने इस्रायलांचे चौदा वाचलेले, चित्पावनांच्या कथेत परशुरामाने जिवंत केलेली चौदा प्रेते. दुसरा, २००१ चे बामशाद यांचे डीएनए संशोधन. ते आंध्र प्रदेशातील जातींवर होते आणि तुलना युरोपीय व आशियाई लोकांशी होती. ब्राह्मण ज्यू आहेत असा निष्कर्ष त्यात नाही. शिवाय या मांडणीत पेच असा की ‘कपटी’ हा शिक्का आधी ज्यूंवर मारल्याशिवाय ती उभीच राहत नाही. युरोपातल्या द्वेषाचा माल आपण उधार आणतो आणि त्याला प्रबोधन म्हणतो.

बाबासाहेबांची भूमिका नेमकी उलट होती. नाझींचा ज्यूद्वेष आणि अस्पृश्यांविषयीचा सनातनीपणा विचारात आणि परिणामात वेगळे नाहीत, असे त्यांनी लिहिले. ‘जातिसंहारा’त पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे, असे सांगून जातीचा वांशिक पाया त्यांनी मोडला. १९४६ च्या ‘शूद्र कोण होते?’मध्ये आर्य आक्रमणाचा सिद्धांतही नाकारला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाहीला शत्रू म्हटले, तेव्हा लगेच खुलासा केला की यातून ब्राह्मण जमात अभिप्रेत नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती सर्व जातींत आढळते.

ज्यूंकडे पाहण्याची दुसरी रीत बौद्ध जगात आहे. १९९० मध्ये दलाई लामांनी धर्मशाळेत ज्यू विद्वानांना बोलावले. देश सुटल्यावर दोन हजार वर्षे धर्म आणि ओळख कशी टिकवली, हे त्यांना समजून घ्यायचे होते. आपल्याच जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नोर्ग्येलिंग वसाहतीत राहणाऱ्या तिबेटी कुटुंबांपुढेही तोच प्रश्न आहे.

‘ब्राह्मण ज्यू आहेत’ अशा मजकुराचे लेख आमच्याकडेही येतात. ब्राह्मणशाहीवरचे लेख आम्ही छापतो. हे परत पाठवतो.