एकाच कानाने कमी ऐकू येतंय? डॉक्टर एमआरआय का सांगतात?

फोन नेहमी उजव्या कानाला लावायची सवय. पण हल्ली नकळत डावीकडे जातो, कारण उजवीकडे आवाज येतो, शब्द मात्र कळत नाहीत. अशा तक्रारीचं कारण बहुतेकदा साधंच निघतं. पण ऑडिओमेट्रीत दोन कानांमध्ये ठळक फरक दिसला, तर ईएनटी डॉक्टर एमआरआय करायला सांगतात. त्यांना एक शंका दूर करायची असते : अकूस्टिक न्यूरोमा.

गाठ कुठे असते?

आंतरकर्णातून मेंदूकडे ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची नस जाते. तिच्यावरच्या आवरणाच्या पेशींपासून ही गाठ होते. ती कॅन्सरची नसते आणि बहुधा हळूहळू वाढते. एका कानाचा बहिरेपणा, कानात सतत शिट्टीसारखा आवाज आणि तोल जाणं ही तिची मुख्य लक्षणं.

एमआरआयच का?

ही नस जेमतेम 1 सेंटिमीटर लांबीच्या हाडाच्या बोगद्यातून जाते. तिथली छोटी गाठ सीटी स्कॅनमध्ये निसटू शकते. एमआरआयच्या एका प्रकारात कानातलं द्रव पांढरं आणि नस काळ्या धाग्यासारखी दिसते. त्या धाग्यावरचा काही मिलिमीटरचा फुगवटाही ओळखता येतो. शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं की गाठ उजळून दिसते.

कानातलं पाणी काय सांगतं?

शंखासारख्या कॉक्लियातही द्रव असतं. गाठ असलेल्या बाजूला त्यातली प्रथिनं वाढतात, म्हणून 'फ्लेअर' प्रकारच्या चित्रात तो कान दुसऱ्यापेक्षा उजळ दिसू शकतो. गाठ आणि बोगद्याचं टोक यांच्यामध्ये द्रव शिल्लक असेल, तर ऑपरेशननंतर ऐकणं टिकण्याची आशा जास्त असते. मात्र गाठ लहान म्हणजे बहिरेपणा कमी, असं गणित नाही. म्हणूनच एमआरआय आणि ऑडिओमेट्री दोन्ही लागतात.

गाठ सापडली, मग ऑपरेशनच?

नाही. अनेक गाठी वर्षानुवर्षं वाढत नाहीत. लहान गाठ असेल तर 6 ते 12 महिन्यांनी पुन्हा एमआरआय करून लक्ष ठेवतात. वाढली तर रेडिओसर्जरी किंवा ऑपरेशन हे पर्याय असतात.

मशीनमध्ये जाण्याआधी

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, पण चुंबक अतिशय शक्तिशाली असतो. पेसमेकर, कॉक्लियर इम्प्लांट, किडनीचा आजार किंवा गरोदरपण असेल तर आधीच सांगा. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.