साडेतीन आणि दीड

‘जास्त शहाणपणा करू नकोस’ हे वाक्य स्वयंपाकघरापासून रिक्षाच्या रांगेपर्यंत इतकं कानावर पडतं, की शहाणपण हा गुण की गुन्हा, असा प्रश्न पडावा.

‘शहाणा’चं मूळ संस्कृत ‘सज्ञान’मध्ये शोधतात. हिंदीत त्याचा ‘सयाना’ झाला, गुजरातीत ‘शाणो’. उत्तरेकडे भूत उतरवणारा मांत्रिकही सयानाच! मूळ रूप आपल्याकडे कायद्याने उचललं: १८ वर्षं पूर्ण झाली की माणूस सज्ञान, अक्कल असो वा नसो.

पेशवाईत मात्र हा शब्द पदवीसारखा मिरवला. साडेतीन शहाण्यांत सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर हे पूर्ण. नाना फडणवीस अर्धे, कारण मुत्सद्देगिरी अफाट, पण तलवार नाही, असं सांगतात. मला यातलं विठ्ठल सुंदरांचं नाव फार आवडतं. १७६३ मध्ये राक्षसभुवनला मराठ्यांशी लढताना ते पडले, तरी मराठी तोंडी परंपरेनं शत्रूच्या दिवाणाचा अर्धा गुणही कापला नाही.

पुढे शब्द घसरला. ‘दीडशहाणा’ पूर्ण शहाण्यापेक्षा कमी भरतो, मुंबईत ‘शाणपट्टी’ चालते. निखळ कौतुक उरलंय ते ताटातली भाजी मुकाट संपवणाऱ्या ‘शहाण्या बाळा’साठी.