शेवटच्या रांगेपर्यंत

मराठवाड्यातल्या जाहीर सभांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्या सभांत शेवटच्या रांगेला काय ऐकू येत होतं, याविषयी मात्र माझ्या वाचनात फारसं आलेलं नाही. किनवटमध्ये हा प्रश्न मला आणखीच टोचतो. मराठी, तेलुगू, गोंडी आणि बंजारा बोलणारी माणसं एका मैदानावर जमतात आणि पाड्या-तांड्यांवरून उशिरा पोहोचणारे मागेच बसतात.

निजामी राजवटीत १९२९च्या ‘गश्ती निशाण ५३’ने सभेला आधी परवानगी सक्तीची केली. किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत ते नांदेडला आलं. बोलायलाच परवानगी लागे, तिथे ऐकू जाण्याची चिंता पुढची.

मोकळ्या जागेचं गणित लोकवाद्यांनी आधीच सोडवलं होतं. शाहिराचा डफ, गोंधळ्याचं संबळ, दिवाळीत गावोगाव फिरणाऱ्या गोंडांच्या दंडारीतले ढोल आणि पेपरे, ही सगळी वाद्यं उघड्यावर वाजण्यासाठीच घडली. आदिलाबादच्या राजगोंडांवर १९४८ साली ग्रंथ प्रसिद्ध करणारे फ्युरर-हायमेनडॉर्फ या दंडारीपर्यंत पोहोचले होते. वक्त्याच्या घशाला ही सोय नव्हती.

ती माइकने आणली. काँग्रेसच्या पुढाऱ्यांच्या जुन्या छायाचित्रांत माइकवर ‘शिकागो रेडिओ’ ही पाटी दिसते. नाव अमेरिकेचं, कंपनी सिंधी मोटवाने कुटुंबाची! मग खेड्यापाड्यांत लिंबाच्या फांदीला कर्णे बांधले जाऊ लागले. कर्णा लांब ऐकू जातो, पण चिरकतो. शिवाय एका ठिकाणाहून निघालेला आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने उतरतो. ५ मीटरवरून ८० मीटरवर जाताना चार दुपटी होतात, म्हणजे २४ डेसिबलची घट. मागच्याला ऐकवायचं तर पुढच्याचे कान फाडायचे, असा तो हिशेब होता.

एकावर एक लावलेले स्पीकर एका उभ्या रेघेसारखे वागले, तर दुपटीमागे ३ डेसिबलच उतरतात; २४चे १२ होतात. तत्त्व जुनंच होतं. १९९०च्या दशकात फ्रान्सच्या ख्रिस्तियान हाइल यांनी ‘व्ही-डॉस्क’मधून ते मोठ्या मैफलींसाठी व्यवहारात आणलं. हा फायदा ठरावीक अंतरापर्यंत आणि मुख्यतः वरच्या स्वरांना मिळतो. खर्ज या शिस्तीत राहत नाही.

किनवटच्या एका मैदानावर असा साउंड उभा राहताना मी दुपारभर पाहिला. पहिला डबा लोखंडी चौकटीला अडकवून साखळीने थोडा उचलला, त्याखाली दुसरा, मग तिसरा. वरचे डबे लांब पाहणारे, जवळजवळ एका रेषेत. खालचे वळत गेलेले. पूर्ण ओळ विळ्यासारखी दिसते. प्रत्येक खिळीवर हात फिरला, साखळीखेरीज वेगळी पोलादी दोरी बांधली गेली. मग एकेक डबा स्वतंत्र वाजवला, कारण एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर तो शेजाऱ्याचा आवाज खातो. त्यासाठी सोडतात तो पिंक नॉइज ऐकून मला पावसाळ्यात दुरून ऐकलेला सहस्रकुंड आठवला.

मैदानाच्या मध्यावरचे स्पीकर मुद्दाम उशिरा बोलवावे लागतात. आवाजाला ३४ मीटर जायला सुमारे एक दशांश सेकंद लागतो. मंचावरचा शब्द मागून आला तर तो दोनदा ऐकू येतो. त्यात आपला उन्हाळा. ४० अंशांवर जुळवलेलं गणित रात्री २८ अंशांवर १०० मीटरमागे पाच-सहा मिलिसेकंदांनी सरकतं, म्हणून जाणता माणूस दिवेलागणीनंतर पुन्हा मोजतो.

मला सगळ्यांत पटली ती मोजमापाबाहेरची तपासणी. ‘हॅलो, एक-दोन-तीन’ सगळ्यांना पाठ असतं, ते न ऐकताही कळतं. त्या प्रमुखाने एका पोराला कुंपणाशी उभं केलं आणि माइकवरून आडवीतिडवी गावांची नावं वाचली. पोराने ती परत ओरडून सांगायची. त्याने ‘बोधडी’चं ‘गोकडी’ केलं, तेव्हा डेसिबल मीटर ठीक दाखवत असूनही वरच्या डब्यांचा कोन बदलला गेला.

हेच डबे मिरवणुकीत ट्रकवर भिंतीसारखे रचले जातात, तेव्हा कोन कुणी मोजत नाही. समोरचा श्रोता दोन हातांवर असतो. लांब पोहोचवण्याची सगळी विद्या त्याच्या छातीवर आदळते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी ते चालतं. मैदानाला निदान कुंपण असतं, पोरगं तिथे उभं करता येतं. चालत्या ट्रकची हद्द दर घरापाशी बदलते.