उघाडीवरचा गळ

पेण शहर संपता संपता मुंबई-गोवा महामार्गाच्या अंगाला रामवाडी लागते. कोकणात एस.टी.ने उतरणाऱ्यांना हे नाव ठाऊक असते. पूर्वेला सह्याद्रीचे फाटे दिसतात आणि पश्चिमेला समुद्राच्या पातळीला जवळजवळ टेकलेली भातखाचरे. ही सपाटी म्हणजे खारेपाट. ती वडखळवरून धरमतरच्या पुलापलीकडे अलिबाग तालुक्यातही पसरली आहे. तिच्या कडेने भरती-ओहोटीचे पाणी वाहते. धरमतरच्या खाडीत, तिला मिळणाऱ्या भोगावती आणि अंबेच्या मुखांत आणि दक्षिणेला रोह्यावरून येणाऱ्या कुंडलिकेत एक मासा राहतो. त्याच्यासाठी इथला माणूस पापलेट बाजूला ठेवतो. तो मासा जिताडा. राज्यमासा म्हणून महाराष्ट्राने २०२३ साली पापलेटाची निवड केली. रायगडात मतदान घेतले असते तर निकाल वेगळा लागला असता.

जिताडा म्हणजेच बंगालची भेटकी, ऑस्ट्रेलियाचा बॅरामंडी आणि इंग्रजी पुस्तकांतला आशियाई सी-बास. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ मार्कुस ब्लॉख याने १७९० साली त्याची शास्त्रीय नोंद केली. गळ टाकणाऱ्या हौशी माणसाला हा मासा वेड लावतो, त्याला कारणे आहेत. तो आडोशाला दबा धरून बसतो, भक्ष्य जवळ आले की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो आणि गळ लागला की पाण्याबाहेर उडी मारून डोके झटकतो. त्याच्या तोंडात सुळे नाहीत, पण गालाच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. ताणलेला दोरा त्या कडेवर घासला की संपला.

पण खारेपाटात जिताड्याशी माणसाचे नाते हौसेतून सुरू झाले नाही. ते सुरू झाले बांधातून.

खाडीचे पाणी अडवून तिच्या पोटातून भाताची जमीन काढण्याचा उद्योग या भागात अठराव्या शतकातही चालू होता. असे बांध घालून जमीन कसणाऱ्यांना शिलोत्री हक्क मिळत. इंग्रजी अमदानीतल्या १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरने त्याची सविस्तर दखल घेतली. बांध फुटला की गावाने मिळून तो बांधायचा, या श्रमाच्या वहिवाटीला जोळ म्हणत. १९३३ साली चरी गावातून नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने सुरू झालेला आणि सहा वर्षे चाललेला शेतकऱ्यांचा संप याच खारेपाटातला. जमीन पिकवणारा एक आणि तिचे धान्य नेणारा दुसरा, हा त्या संपाचा मुद्दा होता. पुढे १९४८ साली खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा आला आणि बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारकडे सरकली. जोळ मोडली, तिच्या जागी जे आले ते तितके तत्पर कधीच नव्हते, असे इथले शेतकरी सांगतात आणि फुटके बांध पाहिले की ते पटते.

या बांधांत जागोजागी उघाडी असते. पावसाचे गोडे पाणी शेतातून बाहेर जावे आणि खाडीचे खारे पाणी आत येऊ नये, यासाठी ठेवलेले हे दार. भरतीच्या दाबाने झडप बंद होते, ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. त्या पाण्याबरोबर कोलंबी, बोय, निवटे असे सगळे वाहत येते आणि बाहेरच्या खोल डोहात जिताडा तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो. ऑस्ट्रेलियातल्या मार्गदर्शकाने पैसे घेऊन शिकवावे असे जे मर्म आहे, म्हणजे ओहोटीत अरुंद तोंडातून पाणी बाहेर पडते तिथे गळ टाका, ते खारेपाटातल्या पोरांना बांधावर फिरतानाच कळते.

पावसाळ्यात जिताड्याची पिल्ले भरतीबरोबर खाचरांत आणि नाल्यांत शिरतात. ती धरून दारापुढच्या तळ्यात सोडायची, हा इथला जुना रिवाज. अलिबाग तालुक्यातले शहापूर-धेरंड त्यासाठी प्रसिद्ध आहे. खारेपाटात घराचे जोते उंच करायला माती खणावी लागते. त्या खड्ड्यात पावसाचे पाणी साठते, आणि तेच तळे. जिताडा खाऱ्यात जन्मतो पण गोड्या पाण्यात उत्तम वाढतो. मात्र तळ्यात त्याची वीण होत नाही, म्हणून पिल्ले दरवर्षी खाडीकडूनच आणावी लागतात. शिवाय मोठी पिल्ले लहान पिल्लांना गिळतात, तेव्हा सारख्या मापाची सोडायची हेही आलेच. पाहुणा आला, जावई आला की तळ्यातला जिताडा काढायचा. एखाद्या साहेबाकडे अडलेला कागद जिताड्याने पुढे सरकतो, असाही विनोद इथे चालतो. त्याला विनोदच म्हणायचे का, हे ऐकणाऱ्याने ठरवावे.

गळाची दुसरी परंपरा फार वेगळ्या वाटेने आली. मद्रास इलाख्यातला मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली मंगळुरात 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक छापले आणि हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबाला सुट्टीत करायला एक काम मिळाले. त्याचा नायक महाशीर, म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या गोड्या, खळाळत्या पाण्याचा मासा. १८८७ साली त्याने तलावांतल्या मासेमारीवर वेगळे पुस्तक लिहिले. मुंबईत १८९१ साली पवईचा तलाव बांधून झाला. त्याचे पाणी पिण्याच्या योग्यतेचे ठरले नाही आणि पुढे तोच गळ टाकणाऱ्यांचा अड्डा झाला. १९३६ साली बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन स्थापन झाली. आजची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ती हीच. ए. सेंट जे. मॅक्डोनल्ड यांचे महाशीरवरचे जाडजूड पुस्तक मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४८ साली काढले, तेव्हा ज्यांच्यासाठी ते लिहिले त्यातले बरेच जण बोटीत बसून परत निघाले होते.

त्या साहेबाची सामग्री पाहण्यासारखी असे. बांबूच्या सहा तिकोनी पट्ट्या चिकटवून केलेली षट्कोनी काठी, पितळेचे किंवा मिश्रधातूचे रीळ, विणलेल्या रेशमाचा दोरा आणि टोकाला 'गट', म्हणजे रेशीमकिड्याच्या ग्रंथी ताणून काढलेला पारदर्शक धागा. तो स्पेनहून येई. कोरडा असताना तो काचेसारखा मोडे, म्हणून आधी भिजवून ठेवावा लागे. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात अमेरिकन कारागीर अशा काठ्यांसाठी जो बांबू वापरत तो कलकत्त्याहून जाई आणि 'कलकत्ता केन' याच नावाने विकला जाई. हिंदुस्थानातला बांबू समुद्रापार जाऊन शौकाची वस्तू होई. इथे मात्र काठी म्हणून तोच बांबू फुकट मिळे.

खाडीकाठच्या माणसाकडे रीळ नव्हते. त्याच्याकडे सुताचा दोर, शिसे, लोखंडी गळ आणि जिवंत कोलंबी होती. दोर झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकाऊ करायचा, बोटावर धरून ठेवायचा आणि ओढ कळली की हाताने ओढायचे. या पद्धतीत बोट हेच यंत्र. जिताडा, तांब की शिंगाळा, हे दोर धरणाऱ्याला मासा वर येण्याआधी कळते. महागड्या रॉडने ते कळायला बराच काळ जातो.

दोन परंपरा जवळ आल्या त्या नायलॉनमुळे. अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीने १९३८ साली नायलॉन जाहीर केले, महायुद्धानंतर त्याचा एकेरी दोरा जगभर स्वस्त झाला आणि काही वर्षांतच कोळ्यांच्या जाळ्यात आणि हौशी माणसाच्या रिळात एकच वस्तू दिसू लागली. सालीच्या काढ्याची मडकी विझली. गटचा धागाही इतिहासजमा झाला. पुस्तकांनी आणि क्लबांनी जे साधले नव्हते ते एका कारखान्यातल्या रसायनाने केले.

आज मुंबई-ठाण्याहून शनिवारी रात्री निघून पहाटे धरमतरच्या बाजूला उतरणारा हौशी माणूस या दोन्ही घरांचा वारस आहे, पण शिकतो मात्र बहुतेक वेळा उलट्या क्रमाने. आधी सात फुटी रॉड, फिरते रील, विणलेला दोरा, रबरी आणि लाकडी नकली मासे. मग पाणी. खरे तर पाणी आधी यायला हवे. कोकणात त्याचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. तिथीच्या आकड्याला तिनाने गुणून चाराने भागले की भरतीची वेळ साधारण तासांत निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. खाडीत आत जावे तसा थोडा उशीर धरायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याचा जोर मोठा आणि गढूळपणाही मोठा. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी मंद आणि त्यातल्या त्यात निवळ. नकली आमिष दिसायचे तर भांग बरा, जिवंत कोलंबीला उधाणही चालते. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात, पण उघाडी ओहोटी लागल्यावर किती वेळाने पाणी सोडू लागते हे त्यात नसते. ते बांधावर उभे राहूनच समजते.

टोकाला चाळीस-साठ पौंडी जाड दोऱ्याचा तुकडा जोडावा लागतो, कारण तीच गालाची धार. प्रत्येक माशानंतर त्या तुकड्यावरून बोट फिरवायचे. जराही खरखरीत लागला तर कापून पुन्हा बांधायचा. आळशी माणसाचा मोठा मासा नेमका इथेच सुटतो. मग घरी गेल्यावरचे काम. खारे पाणी रिळाच्या आत सुकले की मीठ राहते आणि मीठ धातू खाते. रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवायचे. जोराच्या धारेने मीठ उलट आतच ढकलले जाते. ब्रेक ढिला करून ठेवायचा, नाहीतर आतल्या चकत्या दबून बसतात. रॉडच्या कड्यांतून कापूस फिरवायचा. कापसाचे धागे जिथे अडकतात तिथे तडा असतो. गळ वेगळे सुकवायचे, ओले गळ डबीत बंद केले तर एक गंजका गळ बाकीच्यांना घेऊन बुडतो. साहेबाच्या काळी रेशमी दोरा दर खेपेनंतर उलगडून वाळवावा लागे, तेवढा वैताग आता उरलेला नाही. तरीही कोकणातल्या दमट पावसाळ्यात कपाटात ठेवलेले रील दसऱ्याला फिरत नाही, ही तक्रार जुनीच.

जिताड्याचे जीवनचक्र समजले की गळ टाकणाऱ्याचे काम अवघड होते. हा मासा आधी नर असतो. तीन-चार वर्षांत वयात येतो आणि पुढे काही वर्षांनी, साधारण ऐंशी सेंटीमीटर ते मीटरभर लांबी गाठताना, मादी होतो. म्हणजे ज्या मोठ्या माशाबरोबर फोटो काढायचा तो जवळजवळ नेहमी मादी असतो आणि तिच्या पोटात कोट्यवधी अंडी असू शकतात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये म्हणूनच ५८ सेंटीमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटीमीटरपेक्षा मोठा बॅरामंडी ठेवायला बंदी आहे: लहानांना वाढू द्या, आज्यांना राहू द्या.

महाशीर टिकवण्यासाठी महाराष्ट्राने बरेच काही केले. लोणावळ्याजवळच्या वळवण तलावावर टाटांच्या वीज कंपनीने डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांच्या देखरेखीखाली १९७० च्या सुमारास दख्खनी महाशीरची कृत्रिम पैदास सुरू केली आणि तिथली पिल्ले देशभर गेली. जिताड्याची पैदास थायलंडने १९७० च्या दशकात साधली. भारतात चेन्नईच्या सीबा या केंद्रीय संस्थेला ती १९९७ साली जमली. त्यामुळे आता तळ्यात सोडायला विकतचे बी मिळू शकते. ही सोय मोलाची, पण खाडीतल्या जिताड्यासाठी तिने फारसे काही बदललेले नाही. खाडीत त्याला स्वच्छ पाणी लागते. कुंडलिकेला भिऱ्याच्या वीजघरातून १९२७ पासून मुळशीचे पाणी मिळते, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहती राहते; पण खाली रोह्याजवळ धाटावची रासायनिक वसाहत आहे आणि खाडीकाठच्या कोळ्यांच्या तक्रारी पिढीजात झाल्या आहेत. धरमतरच्या खाडीत आता कोळशाचे, लोखंडाच्या मालाचे बार्ज फिरतात.

यातली विचित्र बाजू बांधांची. पेण तालुक्यात बांध फुटून खारे पाणी शिरलेल्या शेतांत तिवर माजतो, चिंबोरी आणि निवटे वाढतात आणि त्यांच्यामागे जिताडाही येतो. हौशी माणसाला जागा मिळते, शेतकऱ्याचे भात जाते. तिथे बांधावर रॉड घेऊन उभे राहणाऱ्याने निदान ते शेत कोणाचे होते एवढे विचारायला हरकत नसावी. उघाडी कुठे आणि पाणी कधी सुटते, याची खरी माहितीही तोच शेतकरी देतो. मात्र आठ-दहा किलोची मादी गळातून सोडवून परत पाण्यात टाकणाऱ्याकडे तो अजून संशयानेच पाहतो. त्याच्या हिशेबी अशा वेळी एक तर मासा बिघडलेला असतो, नाहीतर माणूस.