ऊसपट्ट्यातील बिबटे (जुन्नर-अकोले परिसर)

पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले, संगमनेर या तालुक्यांच्या बागायती भागात बिबट्यांची कायम वस्ती आहे. हे बिबटे वाट चुकून गावात शिरलेले नाहीत. त्यांतील अनेकांचा जन्मच उसाच्या फडात झालेला असतो. कुकडी प्रकल्प व प्रवरा खोऱ्यातील धरणांमुळे येथे ऊस वाढला. वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ उभ्या राहणाऱ्या या पिकात बिबट्याला आडोसा मिळतो आणि लगतच्या वस्त्यांवर कुत्री, शेळ्या, वासरे असे भक्ष्य मिळते.

विद्या अथ्रेय व सहकाऱ्यांचा अकोले परिसरातील अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहत असलेल्या या भागात स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या आधारे १०० चौ. किमी.मध्ये सुमारे ५ प्रौढ बिबटे असल्याचे अनुमान निघाले. त्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा आढळला.

स्थलांतराचा प्रयोग

जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ या काळात अनेक बिबटे पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. उपाय वरकरणी सरळ होता. परिणाम उलटा झाला. पूर्वी वर्षाला सरासरी ४ च्या आसपास असलेले माणसांवरील हल्ले १७ पर्यंत गेले. पकडलेला बिबट्या मूळ क्षेत्राकडे परतू पाहतो आणि रिकाम्या क्षेत्रात दुसरा येतो. पकडलेल्यांपैकी काहींचे उर्वरित आयुष्य माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्रात गेले.

धोका व खबरदारी

हल्ल्यांत लहान मुले अधिक बळी पडतात. वाकून काम करणारी वा बसलेली व्यक्तीही बिबट्याला लहान प्राण्यासारखी भासू शकते. फडालगत कोप्या घालून राहणारे ऊसतोड मजूर आणि वीज रात्री मिळते म्हणून अंधारात पाणी भरणारे शेतकरी यांना धोका सर्वाधिक. त्यामुळे दिवसा वीजपुरवठ्याची मागणी येथे केवळ सोयीची राहत नाही. बंदिस्त गोठ्याने जनावरे वाचतात. तोडणीत सापडलेली पिले त्याच जागी ठेवल्यास मादी बहुधा रात्री त्यांना घेऊन जाते. बिबट्याला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षण आहे. मनुष्यहानी व पशुधनहानीसाठी शासन आर्थिक साहाय्य देते.

अकोल्याच्या पश्चिम डोंगराळ भागात महादेव कोळी व ठाकर समाज आश्विन वद्य द्वादशीस वाघबारस पाळतात आणि वाघोबाला नैवेद्य दाखवतात. वाघोबात वाघ व बिबट्या असा भेद केला जात नाही.