आजेसासऱ्यांचा वस्तरा



आमच्या वडवणीच्या घरात एक जुना वस्तरा आहे, आजेसासऱ्यांचा. नाभिक काका घरी हजामतीला यायचे, पण वस्तरा घरचाच वापरायचे. घरात सगळे सांगत, "सत्तावनच्या बंडाआधीचा आहे, मूठ हस्तिदंताची." म्हणूनच सासूबाईंनी तो कधी स्वयंपाकघराकडे किंवा देव्हाऱ्याजवळ येऊ दिला नाही. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत फडक्यात गुंडाळून ठेवला होता.

यंदा दिवाळीच्या आवराआवरीत एका नातेवाइकांनी सुचवले, "हस्तिदंत आहे, विकून टाका, चांगले पैसे येतील." माझ्या पोटात गोळाच आला. एक तर हत्तीच्या जिवावरचे पैसे, आणि दुसरे म्हणजे हस्तिदंताच्या व्यापाराला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. ठरवले, आधी खरे काय ते शोधायचे. मी बी.कॉम. झालेली, पावती पाहिल्याशिवाय नोंद मानायची नाही, एवढे तर शिकलेच आहे.

पावती पात्यावरच होती. बनवणाऱ्याचे नाव झिजले होते, पण भिंगातून दोन शब्द वाचता आले : सोलिंगेन, जर्मनी. चाकू, कात्र्या, वस्तरे यांसाठी इंग्लंडचे शेफिल्ड आणि जर्मनीचे सोलिंगेन ही दोन गावे जगभर प्रसिद्ध. शेफिल्डच्या कारागिरांची तक्रार होती, की जर्मन माल आमच्या गावाच्या नावावर खपवतात. त्यातून इंग्लंडमध्ये १८८७ साली व्यापारी चिन्हांचा कायदा झाला आणि हिंदुस्थानात १८८९ साली. अमेरिकेने १८९०च्या जकात कायद्यात परदेशी मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. त्यानंतर पात्यांवर देशाचे नाव नेमाने दिसू लागले. म्हणजे आमचा वस्तरा बहुधा १८९० नंतरचा. सत्तावनची गोष्ट तिथेच संपली.

आता मूठ. खऱ्या हस्तिदंतात कापलेल्या टोकाशी एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. आमच्या मुठीवर सगळ्या रेषा सरळ, समांतर, वहीवर आखल्यासारख्या. मग मूठ अंगठ्याने जोरात घासली आणि वास घेतला. चक्क कापराचा वास! ते सेल्युलॉइड होते. १८७०च्या सुमारास अमेरिकेत निघालेला हा पदार्थ कापसासारख्या तंतूंवर आम्लाची प्रक्रिया करून, त्यात कापूर मिसळून बनवत. हस्तिदंताची हुबेहूब नक्कल! मैत्रिणींनो, तापलेली सुई लावून मात्र कधी पाहू नका; सेल्युलॉइड झटकन पेट घेते.

म्हणजे वस्तरा निजामाच्या राजवटीतला. बीड १९४८पर्यंत त्याच राज्यात होते. १९००च्या सुमारास जालना-परभणीवरून मनमाड-सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली आणि मुंबई बंदरातला विलायती माल मराठवाड्यात सहज येऊ लागला. वर निजामाची वेगळी जकात, तिला करोडगिरी म्हणत. आजेसासऱ्यांनी तो कुठून घेतला याची चिठ्ठी मात्र घरात नाही.

आपले साधू-साध्वी केशलोच करतात, त्यांना वस्तरा लागतच नाही. आपण संसारी माणसे. आपल्याला वस्तू लागतात, पण ती कशाची आहे हे विचारणे तरी आपल्या हातात आहे. सासूबाईंनी ते आयुष्यभर केले. हत्ती नव्हताच, तरी त्यांनी पाळलेले काही वाया गेले नाही.

वस्तरा विकला नाही. जुने सेल्युलॉइड बंद पेटीत कुजते आणि त्याच्या वाफेने पाते गंजते, म्हणून तो आता हवेशीर फळीवर, आगीपासून लांब ठेवला आहे. सोबत कागदावर लिहिले : सोलिंगेन, जर्मनी. १८९० नंतर. मूठ हस्तिदंताची नाही.

नातसून येईल तेव्हा तिला पेटीत लपवावे लागणार नाही.