मूल कोणाचे? अमेरिकेतील घरशिक्षणाची चळवळ आणि ख्रिस्ती श्रद्धा

महाराष्ट्रातील आधुनिक शाळेच्या इतिहासात ख्रिस्ती मिशनऱ्यांचा वाटा मोठा आहे, हे कोणीही नाकारीत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले. १८२४ साली त्या मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. पुढे अहमदनगरला मिस सिंथिया फरार यांनी चालविलेल्या मुलींच्या शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या, आणि त्या दर्शनाने त्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या विचाराला बळ आले. ज्या श्रद्धेने आमच्याकडील मुलींना माजघरातून शाळेत आणले, त्याच श्रद्धेच्या नावाने तिच्या अनुयायांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत लक्षावधी मुलांना शाळेतून काढून घरी बसविले. हा उलटा प्रवास का झाला, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

आरंभ मॅसॅच्युसेट्सपासूनच केला पाहिजे, कारण आपल्याकडे आलेल्या या मिशनची मूळ संस्था तेथील बॉस्टन शहरातलीच होती. तेथील प्यूरिटन वसाहतीने १६४२ साली कायदा करून मुलांना वाचायला शिकविण्याचे कर्तव्य आईबापांवर टाकले. १६४७ साली दुसरा कायदा झाला, आणि पन्नास कुटुंबांच्या गावाने एक शिक्षक नेमावा असे ठरले. बायबल वाचता न आल्यास मनुष्य सैतानाच्या कह्यात जाईल, ही त्यामागची भीती होती. म्हणजे शाळा श्रद्धेच्या पोटी जन्मली, पण घराच्या मदतीला म्हणून. मूल शाळेत पाठविलेच पाहिजे, असा सक्तीचा कायदा त्याच मॅसॅच्युसेट्सने १८५२ साली केला, आणि १९१८ मध्ये मिसिसिपीने तो केल्यावर त्या वेळच्या सर्व राज्यांत ही सक्ती झाली.

या सरकारी शाळा नावाला सर्वांच्या, पण वळणाने प्रॉटेस्टंट होत्या. तेथे प्रॉटेस्टंटांचे बायबल वाचले जाई. कॅथलिकांना ते रुचले नाही. १८४४ साली फिलाडेल्फियात या वादाच्या वातावरणात दंगली उसळल्या आणि चर्चे जळाली. कॅथलिकांनी मग आपल्या शाळा वेगळ्या काढल्या. १९२२ साली ओरेगॉन राज्याने प्रत्येक मुलाने सरकारी शाळेतच गेले पाहिजे असा कायदा केला. कू क्लक्स क्लानचा त्याला पाठिंबा होता. कॅथलिक जोगिणींची एक संस्था न्यायालयात गेली, आणि १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, मूल ही केवळ राज्याची मालमत्ता नव्हे. त्याला वळण लावण्याचा हक्क आईबापांचा आहे. कॅथलिकांनी मिळविलेले हे शस्त्र पुढे प्रॉटेस्टंटांच्याच कामी यावे, ही इतिहासाची गंमत म्हटली पाहिजे.

कारण १९६२ आणि १९६३ सालच्या निकालांनी सरकारी शाळांतील शाळेने सांगितलेली प्रार्थना आणि धार्मिक विधी म्हणून होणारे बायबलवाचन घटनाबाह्य ठरले. जी शाळा आपली म्हणून वाढविली ती आता परकी झाली, असे अनेक प्रॉटेस्टंटांना वाटू लागले. दक्षिणेत १९५४ च्या निकालानंतर गोऱ्या व काळ्या मुलांनी एकत्र शिकणे टाळावे म्हणूनही खासगी शाळा निघाल्या; ही गोष्ट झाकून ठेवणे इतिहासाला शोभणार नाही.

तथापि घरी शिकविण्याची हाक प्रथम केवळ धर्मनिष्ठांनी दिली नव्हती. जॉन होल्ट या शिक्षकाने १९६४ साली मुले का नापास होतात यावर पुस्तक लिहिले. शाळा सुधारेल ही त्याची आशा मावळली, तेव्हा १९७७ साली त्याने घरशिक्षणासाठी नियतकालिक काढले. त्याचा भर मुलाच्या स्वातंत्र्यावर होता. रेमंड आणि डोरोथी मूर या ॲडव्हेंटिस्ट दांपत्याने १९७५ च्या ग्रंथात मुलांना फार लवकर शाळेत घालू नये असे प्रतिपादन केले. जेम्स डॉब्सन यांच्या रेडिओवरील कार्यक्रमामुळे मूर यांचे म्हणणे असंख्य ख्रिस्ती घरांत पोहोचले. रूसास रशडूनी यांनी तर १९६३ सालीच सरकारी शिक्षण हा धर्माला पर्याय होऊ पाहणारा पंथ आहे, असा हल्ला चढविला होता. होल्टला मूल मोकळे हवे होते, रशडूनींना ते ईश्वराच्या आज्ञेत हवे होते. पण शाळेच्या दाराबाहेर दोघांची गाठ पडली.

त्या काळी अनेक राज्यांत शिक्षकाचा परवाना नसता मुलाला घरी शिकविणे म्हणजे खटल्याला आमंत्रण होते. १९८३ साली मायकेल फॅरिस व मायकेल स्मिथ या वकिलांनी घरशिक्षणाच्या कायदेशीर संरक्षणासाठी संस्था स्थापिली. १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत घरशिक्षणाला वाट मिळाली. १९९४ साली शिक्षकांच्या परवान्यासंबंधीचे एक कलम आपल्यालाही लागू होईल या भीतीने या कुटुंबांनी काँग्रेसच्या सभासदांवर दूरध्वनींचा असा वर्षाव केला की, ४२४ विरुद्ध १ मतांनी ते कलम गाळले गेले. हे बळ कोठून आले? बहुतेक घरांत शिकविण्याचा भार स्वयंपाकघरातल्या मेजाशी बसलेल्या आईने उचलला होता.

१९९९ साली घरी शिकणारी मुले सुमारे साडेआठ लाख होती. २०१२ साली ती साडेसतरा लाखांवर गेली. २००७ च्या सरकारी पाहणीत ३६ टक्के पालकांनी धार्मिक वा नैतिक शिक्षण हे मुख्य कारण सांगितले होते. २०१२ मध्ये शाळेतील वातावरणाची काळजी पुढे आली. २०२० च्या साथीत, मुले असलेल्या घरांपैकी घरशिक्षण देणाऱ्यांचे प्रमाण काही महिन्यांत ५.४ टक्क्यांवरून ११.१ टक्क्यांवर गेले. काळ्या कुटुंबांत तर ते ३.३ वरून १६.१ झाले. श्रद्धेने पाडलेल्या वाटेवरून आता नाना तऱ्हेचे लोक चालू लागले.

या साऱ्या वादात दोनच पक्ष बोलताना दिसतात, राज्य आणि आईबाप. तिसरा पक्ष गप्प असतो. १९७२ साली आमिश पंथीयांना आठव्या इयत्तेनंतर मुले शाळेतून काढण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने दिली, तेव्हा न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी अंशतः वेगळे मत नोंदविले: ज्याचे आयुष्य पणाला लागले आहे त्या मुलाला कोणी विचारले का? २०१३ साली अशा घरांत शिकून मोठ्या झालेल्या काही तरुणांनी संस्था काढून हाच प्रश्न नव्याने विचारला. घरशिक्षण बंद करा असे त्यांचे म्हणणे नाही. बाहेरच्या कोणाचे तरी मुलाकडे लक्ष असावे, एवढीच त्यांची मागणी आहे.

आम्हांला ती रास्त वाटते. राज्याच्या हाती मूल पूर्णपणे देण्यातला धोका ओरेगॉनने दाखविला आहे, आणि आईबापांच्या हाती पूर्णपणे देण्यातला धोका आपल्या माजघरांनी शेकडो वर्षे दाखविला आहे. जोतीरावांनी मुलींसाठी शाळा काढली ती पुष्कळ आईबापांचा रोष पत्करूनच. मूल घरी शिको की शाळेत, ते उद्या स्वतःच्या बुद्धीने हो किंवा नाही म्हणू शकेल, इतके त्याला शिकविले की नाही, हीच दोघांचीही कसोटी होय.